औंधच्या राजाने राज्य दिले, त्याची गोष्ट

आज औंधची गोष्ट सांगायची आहे. पुण्यात औंध म्हटलं की मुळेच्या काठचं, विद्यापीठापलीकडचं औंध आठवतं. ते हे नव्हे. हे औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. गावाजवळ डोंगर, डोंगरावर यमाईचं देऊळ, आणि वाटेत राजेसाहेबांनी १९३८ साली उभारलेलं चित्रांचं आणि मूर्तींचं संग्रहालय. शाळांच्या सहली तिथे जातात, मुलं रविवर्म्याची चित्रं बघतात, डबा खातात आणि परत येतात. पण त्याच गावात १९३९ साली एक गोष्ट घडली, ती सहसा त्यांना कोणी सांगत नाही. एका राजानं आपणहून आपली सत्ता रयतेच्या हवाली केली. लढाई झाली नाही, बंड झालं नाही, गादीवरून कोणी ओढलं नाही.

हे ऐकून कोणाला वाटेल की ही भाटांची गोष्ट दिसते. तशी ती नाही. तिच्यात कौतुक करण्यासारखं पुष्कळ आहे आणि खटकण्यासारखंही आहे. दोन्ही बघू.

या राजाचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. ‘प्रतिनिधी’ ही पदवी जुनी. छत्रपती राजाराममहाराज जिंजीला असताना हे पद निर्माण झालं. छत्रपतींच्या गैरहजेरीत त्यांच्या वतीनं कारभार पाहणारा तो प्रतिनिधी. पुढे ते पद या किन्हईकर घराण्यात आलं आणि त्यातूनच औंधचं संस्थान झालं. शब्दाची गंमत पाहा. प्रतिनिधी म्हणजे तेव्हा राजाचा माणूस, आज त्याच शब्दाचा अर्थ आपण निवडून दिलेला माणूस. हा अर्थ अडीचशे वर्षांत बदलला, आणि बदलाचा एक मोठा टप्पा खुद्द या प्रतिनिधींच्याच घरात पार पडला.

बाळासाहेब १८६८ साली जन्मले आणि १९०९ साली गादीवर आले. संस्थान लहान, ७२ गावांचं. क्षेत्र सुमारे ५०० चौरस मैल, वस्ती पाऊण लाखाच्या थोडी वर. तेही सलग नव्हतं. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी माणदेशातल्या दुष्काळी मुलखात, आणि गुणदाळ तर थेट विजापूर जिल्ह्यात, कानडी भागात. मध्ये सगळीकडे इंग्रजांची किंवा दुसऱ्या संस्थानिकांची हद्द.

राजा कसा होता? पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची संशोधित आवृत्ती काढायचं ठरवलं तेव्हा १९१८ साली एक लाख रुपये देऊ करणारे हेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासाठी जागा दिली तीही यांनीच. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत. १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आणि सूर्यनमस्काराचं तर त्यांना विलक्षण वेड. संस्थानातल्या शाळांतून पोरापोरींना नमस्कार घालावेच लागत.

इथे थोडं थांबू. नमस्कार चांगलेच, त्यानं पोरांच्या छात्या भरल्या असतील. पण ते घालायचे की नाही हे कोण ठरवणार? राजा. शाळा काढायची की नाही, कारखान्याला जमीन द्यायची की नाही, कैद्याला सोडायचं की नाही, सगळं एकाच माणसाच्या मनावर. माणूस भला होता म्हणून हुकूम भले निघाले. तोच जर विक्षिप्त निघाला असता, तर त्याच ७२ गावांनी कोणाकडे दाद मागायची? शेजारच्या गावात तालेवार पाटील चांगला निघाला तर गाव सुखी, वाईट निघाला तर गाव देशोधडीला, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिलेलं आहे. एकट्याच्या राज्याचं खरं दुखणं हेच. जुलूम रोज होतोच असं नाही. पण तो व्हायचा ठरला तर अडवायला हातात काही नसतं.

ही गोष्ट बाळासाहेबांच्या घरातच बोलली जाऊ लागली. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून परत आले होते. बंगळूरला त्यांची एका माणसाशी गाठ पडली, मॉरिस फ्रीडमन नावाच्या. हा पोलंडचा ज्यू, धंद्यानं इंजिनियर, म्हैसूर सरकारच्या विजेच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. आणि वृत्तीनं संन्यासी. भगवी वस्त्रं घालायचा, सूत कातायचा, धनुष्यतकली त्याचीच कल्पना. हा गृहस्थ औंधला आला. त्याचं, अप्पासाहेबांचं आणि राजेसाहेबांचं ठरलं की राज्य रयतेला द्यायचं. १९३८ च्या नोव्हेंबरात तसं जाहीर झालं. मग मंडळी गांधीजींकडे गेली, आणि त्यांच्या सल्ल्यानं घटना तयार झाली. २१ जानेवारी १९३९ ला ती औंध संस्थानात लागू झाली.

त्याच सुमाराला काठेवाडात राजकोटला काय चाललं होतं ते शेजारी ठेवून बघावं. तिथल्या ठाकोरसाहेबांनी १९३८ च्या डिसेंबरात प्रजेला सुधारणा देण्याचा शब्द दिला आणि महिनाभरात तो फिरवला. पुढे मार्चमध्ये गांधीजींना उपोषणाला बसावं लागलं. राजाचा शब्द किती टिकेल याचा नेम नसतो. औंधला शब्द टिकला, याचं एक कारण असं की तो नुसता शब्द ठेवला नाही, त्याचा कायदा केला.

आता ही घटना कशी होती? मुंबईला किंवा दिल्लीला जसं वरून खाली येतं, तसं इथे नव्हतं. खालून वर जायचं. गावानं पाच पंच निवडायचे. पंचांचा एक अध्यक्ष. एका तालुक्यातल्या गावांचे अध्यक्ष एकत्र आले की तालुक्याची समिती. त्या समित्यांतून माणसं निवडून संस्थानचं विधिमंडळ, आणि मंत्री त्या विधिमंडळाला जबाबदार. म्हणजे कोणी एकदम औंधला जाऊन बसू शकत नव्हता. आधी आपल्या गावच्या पारावर त्याची पारख व्हायची. शाळा, रस्ता, पाणी, आणि गावातले लहानसहान तंटे हे गावानंच पाहायचे.

कागदावर हे सोपं दिसतं. पण कल्पना करा, आटपाडीकडचं एखादं धनगरांचं गाव आहे. आजवर तिथे सरकारी माणूस आला म्हणजे काहीतरी न्यायला आला, सारा न्यायला नाहीतर माणूस न्यायला. आणि आता सांगतात, सरकार तुम्हीच. लोकांच्या मनात पहिला विचार काय आला असेल? यात काहीतरी डाव असणार! दुसरा विचार, राजानं काही चुकलं म्हणून आपल्याला टाकलं की काय? गावात कोणी पुढे झाला तर बाकीचे म्हणणार, हा आता पाटलापेक्षा मोठा झाला. वर्षानुवर्षं वाकलेली पाठ एका जाहीरनाम्यानं सरळ होत नाही.

असंच पुढे हिमालयातल्या भूतान देशात घडलं. तिथल्या राजानं २००५ साली जाहीर केलं की २००८ मध्ये आपण निवडणुका घेणार आणि राज्य लोकांच्या हाती देणार. लोकांना मत कसं द्यायचं हे कळावं म्हणून २००७ साली एक लुटुपुटीची निवडणूक घेतली. त्यात खरे पक्ष नव्हते, नुसते रंग होते, निळा, हिरवा, तांबडा आणि पिवळा. पिवळा हा तिथे राजाचा रंग. निकाल काय लागला? ४७ पैकी ४६ जागा पिवळ्याला! राजा म्हणत होता, तुम्ही निवडा. आणि लोक म्हणत होते, आम्ही तुम्हालाच निवडतो. २००८ साली खरी निवडणूक झाली, आणि २०१३ साली तिथल्या मतदारांनी सत्तेवरचा पक्ष बदलूनही दाखवला. सवय अशी हळूहळू लागते.

औंधच्या घटनेत एक कलम होतं, त्याच्याशी शिक्षक मंडळींचा जवळचा संबंध आहे. मताचा हक्क लिहितावाचता येण्याशी जोडलेला होता. गांधीजींचा तसा आग्रह होता. त्यामागची कल्पना चांगली. मत हवं असेल तर अक्षर शिका, आणि अक्षर शिकलात की पंचांनी लिहिलेला हिशेब तुम्हाला स्वतः वाचता येईल. कोणी फसवू शकणार नाही. पोरानं दिवसा पाटीवर गिरवायचं आणि बापानं रात्री कंदिलाखाली गिरवायचं, असा तो मामला. लहान गावातला मास्तर एकदम महत्त्वाचा माणूस झाला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. १९५५ साली पुस्तकरूपानं आलेली ही कादंबरी याच औंध संस्थानातल्या एका मेंढपाळांच्या वाडीची आणि तिथे आलेल्या पोरसवदा मास्तरची आहे. मास्तर नुसता शिकवत नाही. तो लोकांची पत्रं लिहितो, भांडणं मिटवतो, सरकारचं काम गावाला आणि गावाचं म्हणणं सरकारला सांगतो. लोकांचं राज्य चालतं ते अशा माणसांच्या बळावर.

पण मला स्वतःला हे कलम पटत नाही, आणि का ते सांगतो. गावात निरक्षर कोण होते? ज्यांना शाळेत बसू दिलं नव्हतं ते. घरातल्या बायका, आणि गावकुसाबाहेरची वस्ती. शंकरराव खरात याच आटपाडीचे. १९२१ साली जन्मले. पुढे पुण्यात शिकून वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचे वडील गावचं तराळकीचं काम करत. ‘तराळ-अंतराळ’ या आत्मचरित्रात खरातांनी जे सांगितलं आहे, ते याच चांगल्या राजाच्या राज्यातलं आहे. गावावर काही अरिष्ट आलं, बेवारशी प्रेत सापडलं, सरकारी अंमलदार मुक्कामाला आला, की राबायचं तराळानं. राजा भला होता. गाव मात्र जसं होतं तसंच होतं. अशा गावाच्या हाती सगळा कारभार दिला, तर तो कारभार कोणाच्या हाती जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

हाच प्रश्न पुढे दिल्लीला निघाला. १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी भारताच्या घटनेचा मसुदा मांडला, तेव्हा अनेकांची तक्रार होती की यात ग्रामराज्य का नाही. बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर कडक टीका केली आणि सांगितलं की आमच्या घटनेनं गाव नव्हे, तर व्यक्ती हा घटक धरला आहे. हे ऐकून गांधीजींच्या विचाराची पुष्कळ मंडळी दुखावली होती. मला वाटतं, दोन्ही बाजू कळायला औंध फार उपयोगी आहे. गावाला कारभार करता येतो, हे औंधनं दाखवलं. आणि गावाच्या आत जो दबलेला आहे त्याला गावाच्या मेहेरबानीवर न ठेवता स्वतःचं मत असलं पाहिजे, हेही औंधच्याच अनुभवातून दिसतं.

औंधच्या काळातली आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची कैद्यांची वसाहत याच काळात निघाली. कैद्यांना तुरुंगात डांबायचं नाही. जमीन द्यायची, बायकामुलांसह राहू द्यायचं, शेती करू द्यायची. भिंत नाही, बेड्या नाहीत. फ्रीडमनची ही कल्पना, आणि राजानं ती उचलली. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच्यावरून सुचला, पटकथा ग. दि. माडगूळकरांची, तेही त्याच मुलखातले. वसाहत आजही आहे, महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे. जो राजा कैद्यावर विश्वास टाकतो त्याला रयतेवर टाकायला जड जात नसावं.

१९४२ चा लढा पेटला तेव्हा साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्याच्या कार्यकर्त्यांना औंधच्या हद्दीचा मोठा आधार झाला. कुंडल हे तर त्या चळवळीचं एक मुख्य ठाणं. इंग्रजांचा दाब राजावर होताच. तरी कार्यकर्त्यांना आसरा मिळत राहिला.

मग स्वातंत्र्य आलं. ८ मार्च १९४८ ला औंध संस्थान विलीन झालं आणि ७२ गावं मुंबई राज्यात गेली. विधिमंडळ गेलं, तालुक्याच्या समित्या गेल्या. नऊ वर्षं चाललेला कारभार संपला. देश एक होणं जरुरीचं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण जिथे पंच बसत होते तिथे पुन्हा तलाठी आणि मामलेदार आले. पुढे महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या त्या १ मे १९६२ ला, म्हणजे चौदा वर्षांनी. मधल्या काळात त्या गावांतल्या पंचांना आपल्या जुन्या दिवसांची आठवण होत असेलच.

अप्पासाहेब १९४८ मध्ये भारताचे आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत नैरोबीला गेले, आणि तिथल्या काळ्या लोकांच्या बाजूनं इतके उभे राहिले की इंग्रजांना ते खुपू लागले. फ्रीडमन मुंबईत राहिला आणि १९७६ साली तिथेच वारला. बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ ला वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली. ती त्यांना पाहायला मिळाली नाही.

त्या निवडणुकीत साक्षरतेची अट नव्हती. तेव्हा देशात शंभरातली अठरा माणसं लिहिणारी-वाचणारी. परदेशातले शहाणे हसत होते, आणि आपल्याकडचेही काही. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चित्र; ज्याला अक्षर येत नाही त्यानं चित्र बघून कागद टाकायचा. अंगठेबहाद्दर राज्य बुडवणार, असं पुष्कळांना वाटत होतं.

याचं उत्तर मिळायला पंचवीस वर्षं लागली. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. लोकांनी निवडलेलं सरकारच एकट्याच्या राज्यासारखं वागू लागलं. पुढारी तुरुंगात गेले. पुण्याचं येरवडा त्यांनी भरलं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, आणि या आकाशवाणीवरूनही सरकारला हवं तेवढंच ऐकू येत होतं. १९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली. तेव्हाही देशातले निम्म्याहून जास्त लोक निरक्षर होते. त्यांनी मुकाट्यानं रांगा लावल्या आणि सरकार बदललं. पुण्यातून मोहन धारिया निवडून आले; आणीबाणीत तेही तुरुंगात होते. वाचता येत नव्हतं म्हणून त्या माणसांना काही कळत नव्हतं, असं आता कोण म्हणेल?

तर मग शाळेचं काम काय उरलं? पुष्कळच. सरकार बदलायला अक्षर लागत नाही. पण सरकारचा हिशेब तपासायला लागतं. औंधचं जे कलम मला पटत नाही, त्याच्यातला हा अर्धा भाग मात्र मी सोडणार नाही. मत सगळ्यांना, आणि हिशेब वाचणारे डोळेही सगळ्यांना.

हिशेबाची आजची जागा म्हणजे ग्रामसभा. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीला देशाच्या घटनेत स्थान मिळालं. बायकांसाठी जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या आहेत. ज्यांच्यासाठी औंधचं दार अर्धंच उघडलं होतं, त्या आता सरपंच होऊन खुर्चीवर बसतात. आपल्या राज्यात वर्षातून चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. कोरम म्हणाल तर शंभर मतदार, किंवा शेकडा पंधरा, यातला जो आकडा कमी असेल तो. जमाखर्च तिथे वाचून दाखवायचा असतो, आणि कुठल्याही मतदाराला उठून विचारता येतं की अमुक रस्त्याचे पैसे कुठे गेले.

पुष्कळ गावांत काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दवंडी होते, माणसं येत नाहीत, कोरम भरत नाही, सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. मग दहा-वीस माणसांत सगळं मंजूर होऊन जातं. औंधच्या त्या ७२ गावांपैकी गुणदाळकडची गावं आता कर्नाटकात गेली. पण औंधला, कुंडलला आणि आटपाडीला आज हाच कायदा आहे.